दोन हजारांत, चष्म्यावर, चार तास : हेडफोनच्या नोंदी

१८ मे

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. माझी भाची मैथिली कळवणहून शिकायला आली आहे, नाशिकला पंचवटीत माझ्याकडे राहते, अभियांत्रिकी पदविका करते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मोटर लावलेलं मशीन आणि कापडाच्या कडा बांधणारं ओव्हरलॉक. मागच्या खोलीत तिचा अभ्यास. मधे दार नाही, पडदा आहे. तिचे निम्मे धडे रेकॉर्ड केलेले, फोनवर ऐकायचे. आतापर्यंत ती कानात बसणारे इअरफोन वापरत होती. उजव्या कानात सारखी खाज आणि ठणका सुरू झाला, तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषधाचे थेंब दिले आणि कानाच्या आत काही घालायचं नाही असं स्पष्ट सांगितलं.

म्हणजे आता कानाबाहेरून बसणारा हेडफोन हवा. अटी अशा : चष्म्यावर घालता यावा. मधे विश्रांती धरून चार तास सोसवावा. शिक्षकाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं, गाण्याचा धडधडाट नसला तरी चालेल. कानाला लागणारी गादी खराब झाली तर नुसती गादी बदलता यावी. सगळं मिळून दोन हजार. नवं सत्र सुरू व्हायच्या आत हे उरकायचं आहे.

१९ मे

दुकानात जायच्या आधी माप घेतलं. शिवणाऱ्या बाईला दुसरं सुचणार तरी काय? ब्लाउजचा मुंडा अर्धा इंच कमी पडला, तर कापड कितीही भारी असो, तासाभरात ते अंगावर नकोसं होतं. हेडफोनही अंगावर घालायचीच वस्तू आहे.

मैथिलीची मापं, चष्मा डोळ्यांवर ठेवूनच घेतलेली :

कानाची उंची ६० मि.मी., रुंदी ३४ मि.मी. कानाची मागची कड डोक्यापासून २१ मि.मी. बाहेर येते. हे माप सगळ्यात महत्त्वाचं आणि ते कोणीच घेत नाही. कानांच्या जरा वर डोक्याची रुंदी १४.५ सें.मी. (भिंतीला टेकून बसवायचं, दोन्ही बाजूंना जाड पुस्तकं उभी लावायची आणि त्यांच्यामधलं अंतर मोजायचं. टेपने नुसतं अंदाजाने घेऊ नका.) एका कानाच्या भोकापासून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या भोकापर्यंत ३५ सें.मी. चष्म्याची काडी प्लास्टिकची, ५ मि.मी. जाड.

यावरून गादीचं आतलं भोक किमान ६२ × ४० मि.मी. आणि गादी दबल्यावरही आतली खोली २२ मि.मी. हवी. खोली कमी पडली तर कानाची कड आतल्या जाळीला टेकते. सुरुवातीला काही जाणवत नाही, अर्ध्या तासाने तीच कड तापते आणि दुखते.

कानातल्या कुड्याही काढून ठेवायला सांगितल्या. मागची फिरकी गादीखाली आली की मानेच्या बाजूला टोचते.

२४ मे

होळकर पुलावरून रविवार कारंज्याला उतरलो आणि तिथून एमजी रोड. दुकानं भरपूर, पण खोकं उघडून दाखवायला बहुतेक ठिकाणी नकार. ज्यांनी एखादा नमुना बाहेर मांडून ठेवला होता, तिथेच घालून पाहता आलं. मैथिलीला प्रत्येक हेडफोन निदान दहा मिनिटं घालायला लावला. दुकानदार अस्वस्थ होतात, पण गिऱ्हाईक नसलेल्या वेळी, दुपारी गेलं तर बसू देतात.

पहिली गोष्ट कळली ती कानावर आणि कानाभोवती यातल्या फरकाची. हजार-दीड हजारात 'हेडफोन' म्हणून जे दाखवतात, त्यातले बरेच कानावर टेकणारे. वजनाला ते हलके असतात. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० फक्त १४७ ग्रॅमचा आहे आणि एका चार्जवर ५० तासांपर्यंत चालतो, चष्मा नसलेल्या मुलाने जरूर घालून पाहावा. पण चष्मा असला की कानावरची गादी कानाची पाळी काडीवर दाबते. मैथिली पाच-सात मिनिटांतच काडी सरकवायला लागली. तिच्यासाठी हा प्रकार बाद.

कानाभोवती बसणाऱ्यांमध्येही फसगत आहे. बाहेरून गादी ऐसपैस दिसते, आतलं भोक मात्र गोल आणि जेमतेम ४५ मि.मी. साठ मि.मी. उंचीचा कान त्यात मावणार कसा? खोक्यावर मोठ्या अक्षरात ४० मि.मी. किंवा ५० मि.मी. लिहिलेलं असतं, ते आतल्या आवाजाच्या चकतीचं माप आहे, गादीच्या भोकाचं नव्हे. भोकाचं माप मला एकाही खोक्यावर सापडलं नाही. मी पर्समधून टेप काढून मोजत होते.

दुसरी फसगत अक्षरांची. 'ईएनसी' लिहिलेलं असलं की दुकानदार म्हणतो, "ताई, बाहेरचा आवाज बंद." तसं नाही. ईएनसी माइकसाठी असतं. आपण फोनवर बोलताना आपल्यामागचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी जावा म्हणून. आपल्या कानातला गोंगाट कमी करणारं ते 'एएनसी'. तेही पंखा, मोटर, बसचं इंजिन अशा एकसुरी खालच्या घरघरीवर चांगलं चालतं, माणसांच्या बोलण्यावर तितकं नाही. एका अक्षराचा फरक आहे, पण पैसे त्याच्यावरच घेतात.

छापील किमतीवरून काहीच ठरवू नका. ३,९९० छापलेला हेडफोन १,२९९ ला सांगत होते. त्यापेक्षा बिनतारी हेडफोनच्या खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासा. एका ठिकाणी नावाजलेल्या कंपनीचा म्हणून दिलेल्या खोक्यावर क्रमांकच नव्हता. तो हातात घेतला नाही.

३१ मे

दुकानात मनासारखं माप मिळालं नाही, म्हणून कानाभोवती बसणारा, बिनतारी, १,४९९ चा ऑनलाइन मागवला. फोटोत भोक लांबट दिसत होतं. प्रत्यक्षात ६० × ४० निघालं, म्हणजे जवळपास बरोबर. आवाजही छान, बोलणं सुस्पष्ट. ब्लूटूथमुळे व्हिडिओत ओठ आणि आवाज मागेपुढे होतील अशी भीती होती, रेकॉर्ड केलेल्या धड्यांत तसं काही जाणवलं नाही.

पण तास झाला नाही तोवर मैथिलीने काढून ठेवला. दोन्ही कानशिलांवर काडीच्या रेघेत लाल वळ. मे महिन्याची दुपार, पत्र्याखालची मागची खोली, रेक्झिनसारखी गादी, आत कान घामाने चिंब.

पकड किती आहे ते मोजायचं ठरवलं. प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घरात होता. हेडफोनची एक वाटी टेबलाच्या कडेला पट्टीने घट्ट बांधली, दुसऱ्या वाटीला दोरीचा फास घालून काटा अडकवला आणि दोन्ही गाद्यांमध्ये १४.५ सें.मी. अंतर पडेपर्यंत ओढलं. काटा ६२० ग्रॅम. म्हणजे चार तास तिच्या कानशिलांवर दोन्हीकडून एवढा दाब, आणि त्यातला बराचसा पाच मि.मी. जाडीच्या एका काडीवर.

हे मोजणं प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. 'घट्ट वाटतो', 'सैल वाटतो' यावरून दोन हेडफोनांची तुलना होत नाही.

३ जून

परत करायला गेले तर त्या विक्रेत्याची अट 'फक्त बदली'. बिघाड असेल तर दुसरा तसाच देणार, पैसे नाहीत. घट्टपणा हा त्यांच्या लेखी बिघाड नाही. कानाला लागणाऱ्या वस्तूंना बऱ्याच ठिकाणी हीच अट असते. मागवण्याआधी वस्तूच्या पानावर 'परतावा' आणि 'बदली' यातलं नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

मग सैल करायचा घाट घातला. पुस्तकांचा १७ सें.मी. रुंद गठ्ठा करून हेडफोन त्याच्यावर रात्रभर चढवून ठेवला. सकाळी काटा ५६०, संध्याकाळपर्यंत पुन्हा ६००. डोक्यावरून जाणारी पट्टी आतून नुसतीच प्लास्टिकची होती. प्लास्टिक ताणलं तर मागे येतं आणि जास्त ताणलं तर पांढरं पडून तडकतं. सरकपट्टीजवळ पांढरी रेघ दिसायला लागली तशी मी थांबले. आत पोलादी पट्टी असेल तरच असा ताण टिकतो. पोलाद दोन्ही हातांनी थोडं थोडं वाकवून बसवता येतं.

धाकट्या भावाच्या मुलाचं डोकं लहान, चष्मा नाही. त्याला बरोबर बसला. भावाने हजार रुपये दिले. ४९९ चा फटका आणि सुटीचे बरेच दिवस गेले.

९ जून

आता विचार बदलला. दोन हजारांत नवीन घ्यायचा तर त्यातले पैसे बॅटरी, ब्लूटूथ, चमकदार खोकं यांत जातात, गादी आणि पट्टी तेवढी स्वस्त घालतात. तारेचा घेतला तर तेच पैसे पट्टीत आणि गादीत पडतील. स्टुडिओत वापरतात त्या बंद पाठीच्या, म्हणजे वाटी मागून बंद असलेल्या, हेडफोनांत पट्टी बहुधा पोलादी असते, गादी खाचेत अडकवलेली, ओढून काढता येणारी. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स हा त्यातला साधा नमुना, तारेशिवाय १९० ग्रॅम, तार ३ मीटर. नवीन आमच्या आवाक्याबाहेर. म्हणून जुना शोधायचा.

ओळखीच्यांच्या ग्रुपवर विचारलं. इंदिरानगरच्या एका तबलजींकडे घरी रेकॉर्डिंगसाठी घेतलेला असाच एक पडून होता, दुसऱ्या कंपनीचा. आवाज दोन्ही बाजूंनी ठणठणीत, तार शाबूत, पण गाद्या आणि वरच्या पट्टीचं आवरण पार उकललेलं, हात लावला की काळा भुगा. नऊशे रुपये. घेण्याआधी तिथेच अर्धा तास मैथिलीला ऐकायला लावलं, तार जॅकजवळ आणि वाटीजवळ वाकवून पाहिली. आवाज तुटला नाही. जुना घेताना ही तारेची तपासणी चुकवू नका. गादी बदलता येते, पण तार वाटीच्या आतून तुटलेली असेल तर डाग द्यावा लागतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन २२५ ग्रॅम. पकड ४६० ग्रॅम.

१५ जून

सफाई. काळा भुगा म्हणजे पीयूचं, म्हणजे नकली चामड्याचं आवरण. हवेतली ओल आणि घाम यांनी ते आतून विरतं, वापरलं नाही तरी विरतं. पेटीत बंद ठेवलेली पर्सही पावसाळ्यानंतर अशीच सोलते, माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी पर्सांचं हेच होतं. त्यामुळे जुन्या हेडफोनच्या गादीकडे बघून सौदा मोडू नये, भाव मात्र पाडून घ्यावा.

जुन्या गाद्या कडेने बोटं घालून ओढल्या, निघाल्या. वाटीवरचा भुगा आधी कोरड्या ब्रशने आणि मगच कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसला. उलट केलं तर भुग्याचा चिखल होऊन जाळीत जातो. जाळीवर स्पिरिट लावू नका, मागे पातळ पडदा असतो.

वरच्या पट्टीचं आवरण पूर्ण खरवडून काढलं. अर्धवट ठेवलं असतं तर केसांत रोज काळे कण निघाले असते.

नव्या गाद्या ३४९ रुपयांना मागवल्या. लांबट, बाहेरून ९५ × ७५, आतलं भोक ६२ × ४२, जाडी २४ मि.मी. मागवताना खाचेचं माप महत्त्वाचं : जुन्या गादीच्या मागच्या ओठाची (खाचेत शिरणाऱ्या कडेची) लांबी-रुंदी टेपने घ्या, विक्रेत्याच्या मापाशी पाच मि.मी.पर्यंत फरक चालतो, ओठ ताणला जातो.

२१ जून

गाद्या आल्या. बसवायला मेहनत पडली. एका टोकाला ओठ खाचेत घालून जुन्या बँक कार्डाच्या कडेने सरकवत सरकवत पुढे नेला. सुई, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर जवळही आणू नका, ओठ फाटतो.

जाड गादीने वाट्या आणखी फाकल्या, पकड वाढून ५१० झाली. या वेळी पट्टी पोलादी असल्यामुळे उपाय होता. दोन्ही बाजूंना, कानाच्या वर चार बोटांवर, पट्टी हळूहळू उलट वाकवली. थोडं वाकवायचं, मोजायचं, पुन्हा थोडं. ३८० वर थांबले. ३५० वर नेल्यावर मान खाली घालून वहीत लिहिताना हेडफोन पुढे घसरत होता, म्हणून परत आवळला. तिच्यासाठी ३८० हे माप. दुसऱ्याच्या डोक्याला वेगळं येईल, पण खाली वाकून लिहिण्याची परीक्षा सगळ्यांनीच करावी. दुकानात सरळ बसून पाहिलेला हेडफोन वहीवर वाकल्यावर टिकत नाही.

नवीन अडचण : चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते. फटीतून आवाजातला खालचा भाग निघून जातो, सरांचा भारदस्त आवाज चिरका येतो. मग मैथिली आवाज वाढवते. हे मला चालणार नव्हतं.

२२ जून

गादी उसवली. मागच्या बाजूने आवरणाची टीप होती, ती चार इंच उघडली, आतला फोम बाहेर न काढता काडी जिथून जाते त्या रेषेत पातळ ब्लेडने ५ मि.मी. खोल, ८ मि.मी. रुंद चर पाडली. आवरण तसंच ठेवून टीप हातशिलाईने बंद केली. काडी आता चरीत बसते, आवरण तिच्यावरून सरळ जातं. फट जवळजवळ गेली, आणि काडीवरचा दाबही. गेम खेळणाऱ्यांच्या काही हेडसेटांत चष्म्यासाठी अशीच मऊ जागा सोडलेली असते. इथे ती एका ब्लेडमध्ये आणि अर्ध्या तासात झाली.

चर कुठे पाडायची ते चष्मा आणि हेडफोन घातलेल्या अवस्थेत खडूने खूण करून ठरवलं. डाव्या-उजव्या बाजूला खूण एकाच उंचीवर आली नाही, कारण तिचा चष्माच जरा तिरका बसतो. दोन्ही बाजूंची खूण वेगळी करा.

हातात शिवण नसेल तर चष्मा घेतानाच पातळ तारेच्या काड्यांचा घ्यावा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

२८ जून

वरची पट्टी. चार तासांनी टाळूवर एकाच जागी दुखतं अशी तक्रार. २२५ ग्रॅम काही फार नाही, पण अरुंद पट्टीमुळे सगळं एका रेघेवर येतं. आधी पट्टीला फोम गुंडाळून वर सुती पिशवी शिवली. दुखणं थोडं मागे सरकलं, गेलं नाही. मग पट्टीच्या खाली झोळीसारखी एक वेगळी पट्टी ताणली. इलॅस्टिकची घेतली तर वजनाने खाली येत गेली, दोन तासांत पोलाद पुन्हा टाळूला टेकलं. इलॅस्टिक काढून ४ सें.मी. रुंद जाड सुती पट्टी घेतली, दोन्ही टोकांना वेल्क्रो लावलं. वजन आता रुंद जागेवर पसरतं. वेल्क्रोमुळे अंबाडा बांधलेल्या दिवशी ती एका बोटाने ढिली करते.

वेल्क्रोची काट्यांची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर केस ओढते.

तीन मीटरची तार मशीनच्या पायपट्टीभोवती अडकत होती. तीच तार ओढली गेली तर फोनही खाली जाईल. दीड मीटर सोडून बाकीची गुंडाळी करून सुती नाडीने बांधली आणि टेबलाच्या पायाला अडकवली. तार कापली नाही.

६ जुलै

मैथिलीच्या फोनला गोल जॅक नाही. एमजी रोडवर १२० रुपयांचं टाइप-सी जोडणीचं तुकडं घेतलं. लॅपटॉपचा जॅक चालत होता, फोनवर मात्र आवाजच नाही. दुकानदार म्हणाला फोन खराब. फोन खराब नव्हता. स्वस्त तुकड्यांमध्ये नुसत्या तारा असतात, आवाज फोननेच तयार करून द्यावा लागतो आणि पुष्कळ फोन टाइप-सी मधून तसा देत नाहीत. ज्या तुकड्यात आवाज तयार करणारी चिप बसवलेली असते, म्हणजे 'डॅक'वाला, तोच घ्यावा. तो ३९९ ला मिळाला, लावला की चालू. दुकानातच स्वतःच्या फोनला लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

या हेडफोनला माइक नाही. शंका विचारायच्या तासाला फोनचाच माइक चालतो, त्यासाठी वेगळा खर्च केला नाही.

१३ जुलै

सत्र सुरू झालंय आणि आता खरी परीक्षा, माझ्या मशीनची. बंद पाठीच्या गाद्यांनी ओव्हरलॉकची कर्कश सरसर बरीच कमी केली, पण मोटरची खालची घरघर आत येतेच. गादी उंच सुरातला आवाज अडवते, खालच्या सुरातला फारसा अडवत नाही. मैथिलीने आवाज वाढवून ठेवला होता. मी हेडफोन कानाला लावून पाहिला आणि काळजीत पडले.

जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे : ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलवर फक्त ४ तास. म्हणजे जरासा वाढवलेला आवाज कानाचा आठवड्याचा वाटा एका बैठकीत संपवतो. आरामदायक हेडफोनमध्ये हा धोका जास्तच आहे, कारण दुखत नाही म्हणून पोर तासन्‌तास काढतच नाही.

गोंगाट कानावर अडवण्याऐवजी जिथे उठतो तिथे कमी करायचं ठरवलं. मशीनच्या टेबलाच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले, फरशीतून जाणारा थरथराट लगेच उतरला. ओव्हरलॉक सज्जात हलवलं, पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री लावली. पडद्याच्या जागी जुन्या गोधडीचा जाड पडदा. रबर १८० रुपये, बाकी घरातलं. या तीन गोष्टींनी जे झालं ते कुठल्याही दोन हजारांच्या हेडफोनने झालं नसतं.

आता आवाजाची पट्टी निम्म्याच्या जरा खाली ठेवून धडा नीट कळतो. मी तरीही विचारलं, तू बसलीस की मशीन बंद ठेवू का? म्हणाली, "नको गं मावशी, तुझी ऑर्डर थांबेल. मशीन ऐकू येतं, पण आता डोक्यात जात नाही."

२० जुलै

पावसाळी दमटपणात गाद्यांच्या आत कान ओले राहतात. सुती कव्हरं शिवली. पॉपलिनची कव्हरं चुकली : कापड ताणत नाही, सुरकुत्या पडतात, सुरकुत्यांतून पुन्हा फट. बनियनच्या होजिअरीची शिवली, ती बसली. पण भोकावरही कापड ताणलेलं होतं, ते कानाच्या टोकाला दाबत होतं. म्हणून मधलं भोक कापून आतल्या कडेलाही बारीक इलॅस्टिक घातलं. कापडाचा एकच थर ठेवा. दोन थरांनी आवाज झाकल्यासारखा होतो.

जोड आठवड्यातून बदलायचा, धुऊन पूर्ण वाळवायचा. डॉक्टरांना पुन्हा दाखवलं, कानाची खाज गेली आहे. त्यांनी तासाला पाच-दहा मिनिटं हेडफोन काढून कान मोकळे ठेवायला सांगितलं.

२ ऑगस्ट

संध्याकाळी नदीकाठी ढोल पथकाचा सराव सुरू झाला. नाशिक ढोलपुढे कुठलीही गादी चालत नाही, तो आवाज छातीतून येतो. मैथिलीने सवयीने आवाज वाढवायला हात नेला, मी थांबवलं. सरावाच्या वेळी ऐकायचे धडे ठेवायचे नाहीत असं ठरलं. त्या वेळात गणितं सोडवायची आणि आकृत्या काढायच्या, धडे पहाटे. विसर्जन होईपर्यंत असंच.

१७ ऑगस्ट

खर्च : पहिल्या हेडफोनात तोटा ४९९, जुना हेडफोन ९००, गाद्या ३४९, वाया गेलेलं तुकडं १२०, डॅकवालं ३९९, वेल्क्रो आणि स्पिरिट ६०. एकूण २,३२७. दोन हजारांच्या वर गेलं. पहिला हेडफोन आणि ते तुकडं टाळता आलं असतं तर १,७०८ मध्ये भागलं असतं. रबराचे १८० मी मशीनच्या खर्चात धरले.

मैथिलीची दिंडोरीची मैत्रीण काल माप द्यायला आली. चष्मा नाही, डोकं १५.६ सें.मी., कान ५६ मि.मी. उंच, बाहेर फक्त १६ मि.मी. येतो. तिला कमी खोलीची गादीही चालेल आणि बाजारातल्या कितीतरी जास्त वस्तू तिला बसतील. पण डोकं रुंद असल्याने तोच हेडफोन तिला जास्त घट्ट लागेल. मैथिलीचा घालून पाहिला, १५.६ वर ओढल्यावर काटा ४३० दाखवतो. तिला जुनाच घ्यायचा आहे. वडिलांनी दीड हजार दिले आहेत, त्यात डॅकची गरज नाही, तिच्या फोनला गोल जॅक आहे.

कव्हर बेतायचं असेल त्यांच्यासाठी : ९५ × ७५ च्या गादीला होजिअरीचा १५० × १३० मि.मी. लांबट तुकडा, मधे ४५ × २५ चं भोक (ताणून मोठं होतं, मोठं कापू नका). बाहेरच्या कडेला ८ मि.मी. नेफा, त्यात ५ मि.मी. इलॅस्टिक, लांबी २२ सें.मी. आतल्या कडेला नेफा न करता इलॅस्टिकचा धागा झिगझॅग टिपेखाली ताणून शिवायचा. कापडाचा जास्त ताण गादीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आडवा ठेवला तर कव्हर चरीवरून सरकतं. डाव्या कव्हरला आतून लाल दोऱ्याचा एक टाका घाला, चरी दोन्ही बाजूंना वेगळ्या उंचीवर असल्याने गाद्यांची अदलाबदल चालत नाही.

राहिलेलं काम : जॅकजवळची तार आता जरा मऊ लागते आहे. आवाज तुटत नाही, पण सुटीत तिथे उष्णतेने आवळणारी नळी चढवून घ्यायची आहे, तोवर तार वळवून ठेवायची नाही असं मैथिलीला सांगितलं आहे.